केशरी उजवीकडून

फोन वाजला तेव्हा मी एका बाईंना बाथरूमच्या टाइल्स दाखवत होतो. बाई विचारत होत्या, "ही पिस्ता आहे की बिस्किट?" मी टाइल उलटी केली, मागचा नंबर वाचला आणि म्हणालो, "पिस्ता." माझ्या दुकानात प्रत्येक रंगाला मागच्या बाजूला नंबर असतो, आणि जिथे नंबर पुसट झालाय तिथे रंजिता असते, माझी बायको. फोनवर आवाज आला, "कोण, पायलट का?" यात नवीन काही नाही. अख्ख्या सुकापुरात मला पायलटच म्हणतात आणि दुकानाची पाटीही तीच आहे, पायलट टाइल्स. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव मी मुद्दाम दिवे लावून भिंतीवर चढवलं, घ्या म्हटलं, रोज वाचा. "हां, बोला," मी म्हणालो. "अरे बोला काय, मी कमळ्या." हातातली टाइल मी जपून गठ्ठ्यावर ठेवली, नाहीतर ती कुठेतरी फेकली असती आणि बाईंना लागली असती. पस्तीसेक वर्षांनी हा माणूस फोन करतो आणि म्हणतो मी कमळ्या, काल संध्याकाळी भेटून गेल्यासारखा. "उद्या विमानांच्या शोची प्रॅक्टिस आहे ना? मला घेऊन चल. तुझ्याशिवाय दुसरं कोणी चालणार नाही." मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हाच माहीत होतं. बाईंनी पिस्ता नको म्हणून सांगितलं आणि त्या गेल्या.

दुपारभर मी दुकानात बसून नुसता उकळत होतो. तुझ्याशिवाय चालणार नाही म्हणे. हा कमलाकर पनवेलच्या मास्तरांचा मुलगा, मी खाडीकाठच्या तुळशीराम मिठागरवाल्याचा. शाळेत एका बाकावर. मिठागराच्या बांधावर उताणं पडून आम्ही सांताक्रूझला उतरणारी विमानं बघायचो, पोट दिसायचं त्यांचं, चाकं बाहेर आलेली दिसायची, आणि पाठीखाली बांधाची माती खारट, ओली. विमानांचं वेड माझं. त्याला ते माझ्याकडून लागलं, तापासारखं, हे मी कोणासमोरही सांगेन. त्याला ढग आणि विमान यातलासुद्धा फरक कळायचा नाही, मी आवाजावरून विमान ओळखायचो. मग आम्ही दोघं हवाई दलाच्या परीक्षेला बसलो, लेखी पास झालो, मुलाखतही पास झालो, आणि गावाने आम्हाला पनवेलच्या एसटी स्टँडपर्यंत बेंजो लावून पोचवलं. आई, हौसा तिचं नाव, हार घेऊन पुढे चालत होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "माजा हरेश इमान चालवाला चाललाय!" राहिलं होतं फक्त मेडिकल. आणि मेडिकलमध्ये ते पुस्तक होतं.

त्या पुस्तकात रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. लोकांना दिसतात म्हणे. मला नुसते ठिपके दिसतात, वाळूत सांडलेल्या मोहरीसारखे. शाळेत असतानाच मला कळलं होतं की माझ्या डोळ्यांत काहीतरी कमी आहे. पिकलेला आंबा मी वासावरून ओळखायचो, पण हे एका कमळ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. तोच चष्म्याच्या दुकानातून ते पुस्तक मागून घेऊन आला. बांधावर बसून तो पानं उलटायचा आणि मी म्हणायचो, बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. चुकलो की डोक्यात टपली. "पुन्हा." बारा, आठ, सहा. न दिसणारी गोष्ट दिसल्यासारखी म्हणायची, डोळे किंचित बारीक करायचे, मध्येच एक क्षण थांबायचं, नाहीतर घोकल्यासारखं वाटतं. हे थांबायचं तोच शिकवायचा. मला त्यात काही गैर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आकाशात कुठे ठिपके असतात?

मेडिकलला त्याचा नंबर माझ्या आधी लागला. तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता पाण्याच्या माठाकडे गेला. मी आत गेलो. डॉक्टर म्हातारे होते, गोड बोलायचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "स्मरणशक्ती फार चांगली आहे म्हणे तुमची." आणि त्यांनी पुस्तक मागून उघडलं. बस. पुढचं काय सांगायचं. वाळू, मोहरी, वाळू, मोहरी. एवढंच वाक्य, पण मी ते रोज ऐकतो. गाडी चालवताना, गिऱ्हाईक नसताना, रंजिता भाजी फोडणीला टाकते तेव्हा. कोणाचं 'म्हणे'? त्या इमारतीत माझी स्मरणशक्ती माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो माठाजवळ पाणी पीत होता. गावात परत जायची लाज वाटली म्हणून मी उरणजवळ मोऱ्याच्या बंदरात आत्याकडे जाऊन राहिलो, मासळीच्या वासात, लाँचा मोजत. कमळ्या विमानं चालवायला गेला. आई मरेपर्यंत कोणी विचारलं की म्हणायची, "तो आजारी परला व्हता तवा." बिचारीने माझ्यासाठी खोटं शेवटपर्यंत नेलं.

लोकांना वाटतं मी विमानांचा शौकीन आहे. वर्तमानपत्रात एकदा फोटोही आला होता, गळ्यात कॅमेरा, टाइल्सचे व्यापारी पण मन आकाशात वगैरे. आहे, शौक आहे, पण खरं सांगू का? मी दिल्लीला पालमचं संग्रहालय बघितलं, बंगळूरचं बघितलं, गोव्याला दाबोळीचं नौदलाचं तर चार वेळा बघितलं, आणि प्रत्येक ठिकाणी मी आधी कमळ्याची विमानं शोधतो. तो ज्यावर शिकला ते, ज्यावर पुढे गेला ते, ज्यात बसून त्याने पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला ते. ती तिथे उन्हात उभी असतात. इंजिन काढून घेतलेलं, चाकांखाली विटा, काच पिवळी पडलेली, शेपटीत कबुतरांनी घर केलेलं, आणि पोरं पंखाला लोंबकळतायत. मी जवळ जातो, नाकावर हात ठेवतो, पत्रा तापलेला असतो, आणि मनात म्हणतो, कमळ्या, हे पण मेलं तुझं. मिग-एकवीस निवृत्त झालं त्या दिवशी सगळे हळहळत होते, आणि मी दुकानात पेढे वाटले. रंजिता म्हणाली, "अहो, कसले पेढे?" मी म्हणालो, सहज. संग्रहालयातून बाहेर पडताना मला जे वाटतं ते लोकांना बहुधा देवळातून बाहेर पडताना वाटत असेल, इतकं हलकं. पण घरी पोचेपर्यंत ते उतरतं आणि पुन्हा तेच वाक्य सुरू होतं, स्मरणशक्ती चांगली आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला घ्यायला नवीन पनवेलला त्याच्या सोसायटीत गेलो. तो फाटकाशी उभा होता, सडपातळ, केस पांढरे, पाठ अजून ताठ. मी समोर जाऊन उभा राहिलो तर हा माझ्या कानाकडे बघून म्हणाला, "हरेश्या?" मला वाटलं मागे कोणी आहे. गाडीत बसताना त्याने दार हाताने चाचपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. "मधोमध काही दिसत नाही रे," तो म्हणाला, "समोरच्याचा चेहरा पुसलेला. कडेकडेने दिसतं थोडं. म्हणून वाकडं बघतो, राग मानू नकोस." मी गिअर टाकला. पोटात कुठेतरी एकदम थंड वाटलं, उसाचा रस प्यायल्यावर वाटतं तसं. छान. छान झालं. देव असेल तर तो कधीकधी हिशेबाला चोख आहे, असं मला उलव्याच्या रस्त्यावर, डंपरच्या धुळीत, अगदी स्पष्ट वाटलं. मी तोंडाने "अरेरे" म्हणालो.

त्याला काय हवं होतं ते त्याने वाटेत सांगितलं. त्याची मुलगी दिपिका हवाई दलाच्या कसरतीच्या टीममध्ये आहे. हे मला माहीत नाही असं त्याला वाटलं की काय! आमच्या विमानवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणीतरी तिचा फोटो टाकतं, पनवेलची लेक म्हणून, आणि मी रोज तो पुसतो. परवा मुख्य शो, हा पाहुण्यांत पहिल्या रांगेत, आणि शो संपल्यावर ती थेट याच्याकडे येणार आणि विचारणार, बाबा, कसं झालं? "तिला माहीत नाही मला इतकं कमी दिसतं. सांगितलं तर तिचं लक्ष माझ्याकडे राहील, आणि वर असताना लक्ष खाली नको. म्हणून आज तू बघायचंस आणि मला सांगायचंस. कुठून आली, कशी वळली, किती जवळून गेली. मी पाठ करतो. परवा तिला तेच सांगेन." मग जरा थांबून, माझ्या कानाकडे तोंड करून तो म्हणाला, "न दिसलेलं पाठ कसं करायचं हे तुझ्याइतकं पनवेलमध्ये कोणाला माहीत आहे?" आणि हसला! त्याला हसू आलं! मी पुढच्या डंपरला लांब हॉर्न दिला. म्हणजे हा विसरला नव्हता. त्याच्या लेखी ती लहानपणीची एक गंमत होती. आता पुस्तक माझ्या हातात होतं आणि तो पाठ करणार होता, आणि ते मागून कसं उघडायचं हे मला त्यानेच शिकवलं होतं. रस्ता कधी संपला ते मला कळलंसुद्धा नाही.

उलव्यात माझ्या एका बिल्डर गिऱ्हाईकाची इमारत अर्धवट बांधून झाली आहे, टाइल्स माझ्याच लागणार आहेत. तिच्या गच्चीवरून विमानतळाची सगळी जागा समोर पसरलेली दिसते, डावीकडे बेलापूरच्या बाजूची खाडी, उजवीकडे पनवेलकडचे डोंगर. खाली कामावरचा जैतू होता, तो म्हणाला, "शेट, वर जिन्याला कठडा नाय, संबालून." कमळ्याने माझं कोपर धरलं. वर चढताना त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि मी एकेक पायरी सांगत होतो, आता वळण, आता पायरी मोठी आहे. इतकं नीट मी माझ्या म्हाताऱ्या आईलाही कधी चढवलं नसेल. खाटीक बकऱ्याला जपतो तसं. गच्चीवर वारा होता, सिमेंटचा वास होता, आणि सळ्यांमधून खाडीवरून येणारा चिखलाचा ओला वास. मिठागराचा बांध इथूनच कुठेतरी खाली होता. त्यावर आता भराव आहे आणि भरावावर धावपट्टी.

विमानं आली. आवाज आधी येत नाही, आधी छातीत काहीतरी हलतं, मग आवाज. नऊ विमानांचा बाण खाडीवरून आला आणि आमच्यासमोर उघडला, आणि खरं सांगतो, थोडा वेळ मी सगळं विसरलो. मी त्याला सांगत होतो आणि खरं सांगत होतो, मला खोटं सुचेचना. "बाण झाला, आता फिरतायत, पोटं आपल्याकडे, ऊन पडलंय पोटांवर, आता चढतायत, चढतायत, वाह!" तो पुटपुटत होता, बाण, मग डावं वळण, पोटं दिसतात, मग चढ. ओठ हलत होते. मध्ये एक क्षण थांबत होता, अगदी मला शिकवल्यासारखा. ते ओठ बघून मला भान आलं आणि माझा राग जागेवर आला.

"आता शेवटचं," कमळ्या म्हणाला. "हेच महत्त्वाचं. समोरासमोरून दोन विमानं येतील, एकमेकांना घासून जातील. एकाचा धूर केशरी, एकाचा हिरवा. केशरी ती दिपिका. ती नेहमी उजवीकडून येते. ते ती मला विचारणारच, त्यात तिचा जीव आहे." केशरी आणि हिरवा! मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हणजे पाठांतराची गंमत याच्या लक्षात होती, पण पाठांतर कशासाठी करायचो ते हा विसरला होता. ज्या गोष्टीसाठी त्याने मला त्या खोलीतून रडत बाहेर काढलं, आईला आयुष्यभर खोटं बोलायला लावलं, माझ्या दुकानाच्या पाटीवर पायलट लिहायला लावलं, ती गोष्ट याच्या डोक्यातून गळून पडली होती. यापेक्षा त्याने तेव्हा माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ठीक आहे. मला रंग दिसायची गरजच नव्हती. केशरी उजवीकडून येते हे ग्रुपवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मी या टीमच्या प्रॅक्टिस किती शहरांत जाऊन बघितल्यात, प्रत्येक वेळी आजूबाजूचे ओरडतात, केशरी आली, आणि बोटं उजवीकडे असतात. खरं काय ते मला पाठ होतं, म्हणून उलटं सांगणं सोपं होतं.

दोन्हीकडून दोन विमानं आली. दोघांच्या मागे धूर, मला दोन्ही सारखेच, मळकट, चहात दूध कमी पडल्यासारखे. ती एकमेकांवर धावली, आणि ज्या क्षणी आपटणार असं वाटलं त्या क्षणी दोन्ही कुशीवर वळून आरपार गेली, आणि मागे एक फुली राहिली हवेत. शेजारच्या इमारतीवरचे मजूर ओरडले. कमळ्याने माझा दंड पकडला. "सांग!" त्याचे डोळे माझ्या कानावर होते, ओले झालेले. "डावीकडून आली," मी म्हणालो. "डावीकडून?" "डावीकडून. खाडीवरून. खालून आली, तुझ्या मुलीचं विमान आपल्याकडे पाठ करून वळलं, आणि डोंगराकडे गेलं." त्याने मान वाकडी केली. "नेहमी उजवीकडून येते." "आज डावीकडून आली, मी बघितलं ना." मी डोळे किंचित बारीक केले आणि एक क्षण थांबलो, सवयीने. "अस्सं," तो म्हणाला, आणि लगेच पुटपुटायला लागला, डावीकडून, खाडीवरून, पाठ आपल्याकडे, डोंगराकडे. त्यापुढे त्याने शंकासुद्धा घेतली नाही. मला वाटलं होतं या क्षणी खूप आनंद होईल. परवा पहिल्या रांगेत, सगळ्यांसमोर, मुलगी विचारेल आणि हा डावीकडून म्हणेल आणि तिचा चेहरा पडेल, आणि तो चेहरा याला दिसणारही नाही. मी मनात ते चित्र पुन्हा पुन्हा लावत होतो, संग्रहालयात हात ठेवतो तसा त्यावर हात ठेवून बघत होतो.

आम्ही गच्चीवरच बसलो, सिमेंटच्या गोणीवर. तो पाठ करत होता. मी थर्मासमधला चहा ओतून दिला, त्याने कप हातात नीट येईपर्यंत वाट बघितली. वरची फुली पसरत गेली आणि गेली. मग त्याचा फोन वाजला. "उतरली वाटतं," म्हणून त्याने तो कानाला लावण्याऐवजी चाचपून मोठ्या आवाजावर केला. "बाबा, घरच्या गच्चीवरून दिसलं का काही?" दमलेला, हसरा आवाज. मी हाताने खूण केली, आज नको, परवा सांग, पण खूण त्याला कुठे दिसणार. आणि त्याला राहवलं नाही. शाळेतही राहवायचं नाही, पेपर फुटला की आधी हाच ओरडायचा. "दिसलं म्हणजे काय! बाणाने आलात, डावं वळण, पोटं दिसली. आणि शेवटी तू डावीकडून आलीस, खाडीवरून, आमच्याकडे पाठ करून, डोंगराकडे गेलीस."

पलीकडे काहीच नाही. मी कप खाली ठेवला. झालं, मी मनात म्हणालो, परवापर्यंत थांबायलाही नको. आता हस, डॉक्टर, उघड पुस्तक मागून. मग तिचा आवाज आला आणि तो फुटलेला होता. "बाबा, दिसलं तुम्हाला? खरंच दिसलं? आज वाऱ्यामुळे लीडरने ऐन वेळी बाजू बदलल्या, पहिल्यांदाच. कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणते तुम्हाला दिसत नाही, लपवता तुम्ही. मी रोज वर जाताना त्याचाच विचार करत होते." ती रडत होती, आणि कमळ्या म्हणत होता, "हट्, आईचं काय ऐकतेस, केशरी स्पष्ट दिसत होती," आणि रडत होता. फोन बंद झाल्यावरही तो बराच वेळ खाडीकडे, म्हणजे खाडी असेल असं त्याला वाटत होतं तिकडे, तोंड करून बसला. मी एवढ्या वर्षांचा राग गोळा करून त्याच्या तोंडावर मारला होता आणि त्याला तो प्रसादासारखा लागला होता. माझ्या डोळ्यांनी मला दुसऱ्यांदा नापास केलं होतं. साधे डोळे असते तर बाजू बदललेली मला दिसली असती, आणि मी नीट खोटं बोललो असतो.

"हरेश्या," तो एकदम म्हणाला. आवाज बदललेला होता. "केशरी डावीकडून आली हे तुला कसं कळलं?"

मी थर्मासचं झाकण लावलं. वाऱ्याने प्लास्टिकचा कागद फडफडत होता.

"तुला केशरी कुठे दिसतं?"

"नाही दिसत," मी म्हणालो. "तुला नापास करायचं म्हणून सांगितलं. उजवीकडून येते म्हणून डावीकडून सांगितलं."

त्याने मान हलवली, हळू, हिशेब जुळल्यासारखी. मला वाटलं आता तो चिडेल. चिडावं म्हणून मी थांबलो होतो, माझ्याजवळ आणखी बरंच काही तयार होतं. "डॉक्टरला मीच सांगितलं होतं," कमळ्या म्हणाला. "विमानाच्या एका पंखाला लाल दिवा असतो, एकाला हिरवा. तू माझ्या शेजारी उडणार होतास. अंधारात तुला कळलं नसतं मी येतोय की जातोय. मी घाबरलो, हरेश्या. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. आज विचारलंस तरी तेच करीन." माफी नाही, काही नाही. तो उठला, कपडे झटकले, आणि जिन्याच्या दिशेने, जी त्याने बरोबर लक्षात ठेवली होती, दोन पावलं गेला. खाली जैतू काहीतरी ठोकत होता, त्याचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. पहिल्या पायरीशी कमळ्या थांबला आणि त्याने हात मागे केला.

"चल, हात दे," तो म्हणाला.

जिन्याला कठडा नव्हता. मी लगेच दिला नाही.